राजीनामा आणि कबुलायत : मुक्त गेम इंजिनाच्या सांभाळाविषयी

एखादा मनुष्य नोकरी सोडतो तेव्हा मराठीत तो 'राजीनामा देतो'. वयोमानाने सोडतो तेव्हा 'निवृत्त होतो'. सत्तास्थान सोडणे भाग पडते तेव्हा वृत्तपत्रे तो 'पायउतार झाला' असे लिहितात. परंतु जे काम त्याला कोणी नेमून दिलेले नव्हते, ज्याचे वेतन नव्हते आणि ज्यात त्याच्या वर कोणी अधिकारी नव्हता, असे काम वर्षानुवर्षे करून तो थांबतो तेव्हा कोणते क्रियापद योजावे? हा प्रश्न वरवर कोशकाराचा वाटतो. मुक्त-स्रोत संगणक-आज्ञावलींच्या क्षेत्रात मात्र तो गेल्या पाव शतकात पुनःपुन्हा उभा राहिला आहे, आणि त्याचे उत्तर नीट न मिळाल्याने नुकसानही झाले आहे. प्रस्तुत लेखात गेम इंजिनाच्या उदाहरणावरून त्याचा विचार केला आहे.

प्रथम गेम इंजिन म्हणजे काय हे सांगितले पाहिजे. संगणकावरील खेळात चेंडू भिंतीवर आदळून परत येतो, पात्र उडी मारते, सावली सरकते, आवाज उमटतो. हे सर्व प्रत्येक खेळासाठी आरंभापासून लिहावे लागू नये म्हणून त्याचा एक सामायिक संच करून ठेवतात. खेळ रचणारा त्यावर आपली कथा आणि आपले नियम चढवितो. या संचास गेम इंजिन म्हणतात. 'क्रीडायंत्र' असा प्रतिशब्द घडविता येईल. पण तो कोणी वापरणार नाही, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जत्रेतील पाळणा येईल. अशा इंजिनांपैकी 'गोदो' हे विशेष प्रसिद्ध आहे. आर्जेन्टिनातील ह्वान लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी ते घडविले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली सर्वांस खुले केले. कोणीही घ्यावे, पालटावे, त्यावर बेतलेला खेळ विकावा. मूळ कर्त्यांची नोंद तेवढी राखावी, एवढीच त्या परवान्याची अट. नाव बेकेटच्या नाटकावरून घेतलेले आहे. ज्याची वाट पाहावयाची तो त्या नाटकात येतच नाही. इंजिनात नवनव्या सोयी हव्यात ही इच्छाही तशीच कधी पुरी होत नाही, असा त्यातील संकेत.

अशा इंजिनाचे काम कसे चालते? कोणास दोष आढळतो, तो कळवितो. दुसरा कोणी त्यावर दुरुस्ती लिहून पाठवितो. ती दुरुस्ती वाचणे, पडताळणे, तिच्यामुळे दुसरीकडे काही बिघडत नाही ना हे पाहणे, आणि मग ती स्वीकारणे अथवा परत पाठविणे, हे तिसऱ्याचे काम. व्यवहारात त्यास मेन्टेनर म्हणतात. 'परिपालक' हा शब्द कोशात शोभेल. बोलण्यात 'सांभाळणारा' हाच बरा. दुरुस्त्या पाठविणारे पुष्कळ असतात, सांभाळणारे मोजके. त्यातही नकार देण्याचे काम सर्वांत अवघड. ज्याने चार रात्री जागून काही लिहिले त्यास 'हे घेता येत नाही' असे लिहावयाचे, आणि ते अशा रीतीने की तो पुन्हा फिरकेल, यास जे कौशल्य लागते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

समजा, पनवेल तालुक्यातील कोन या गावी राहणारा एक तरुण हे काम करीत आहे. कोन हे जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतचे गाव. भाताच्या शेतांशेजारी तेथे आता गिरणी कामगारांना सोडतीने दिलेल्या घरांच्या उंच इमारती दिसतात. हा तरुण दिवसा नवी मुंबईतील एका कचेरीत जातो आणि रात्री गेम इंजिनातील एका लहानशा भागाची राखण करतो : पडद्यावर देवनागरी अक्षरे नीट उमटविण्याचा भाग. व्यक्ती कल्पित आहे. काम कल्पित नाही. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपूर्वी गोदोमध्ये देवनागरी मजकूर धड उमटत नसे. ऱ्हस्व इकार हा संगणकाच्या स्मृतीत व्यंजनानंतर साठविला जातो आणि पडद्यावर व्यंजनाआधी काढावा लागतो; रफार आधी साठविला जातो आणि पुढच्या अक्षराच्या माथ्यावर न्यावा लागतो; जोडाक्षरांत तर आकारच बदलतात. चौथ्या आवृत्तीत ही व्यवस्था आली ती हार्फबझ नावाच्या दुसऱ्या एका मुक्त आज्ञावलीच्या आधारे.

व्यवस्था एकदा आली म्हणजे काम संपले असे होत नाही. नवी टंकचित्रे येतात, नवी यंत्रे येतात, आधारभूत आज्ञावली बदलते, आणि काल नीट दिसणारे जोडाक्षर आज मोडते. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. फरक केवळ एका रफाराच्या आकाराचा. मराठी न जाणणाऱ्या परीक्षकास तो चुकला तरी दिसणार नाही. तेव्हा कोनच्या या तरुणाने हात काढून घेतला तर इंजिन बंद पडणार नाही, जगातील बहुसंख्य वापरकर्त्यांना काही कळणारही नाही. मराठीत खेळ करणाऱ्याला मात्र काही महिन्यांनी दऱ्यांच्या ठिकाणी दर्या दिसू लागेल, आणि तक्रार ऐकावयास कोणी नसेल.

तो हात का काढून घेतो? कारणे साधी असतात. घरी मूल येते, नोकरी बदलते, डोळे किंवा पाठ दुखू लागते, आईवडिलांचे आजारपण निघते. कधी यांपैकी काहीच नसते. केवळ गोडी जाते. येथे 'हौस' हा शब्द पाहण्यासारखा आहे. मूळ अरबी शब्द हिंदी-उर्दूत 'हवस' होऊन वासनेकडे झुकला. मराठीत तो निर्मळ झाला, आणि हौसेला मोल नसते ही म्हण रूढ झाली. या म्हणीला दोन बाजू आहेत. हौशी मनुष्य पैशाचा हिशेब करीत नाही ही एक; आणि म्हणून त्याला काही द्यावे लागत नाही असा इतरांचा सोयीस्कर समज ही दुसरी. तक्रारींचा ढीग वाढत गेला, तक्रारीची भाषा मागणीची झाली आणि मागणीची भाषा हुकमाची झाली, की हौसेची वेठ होते. वेठबिगार निदान ओळखू येत असे. ही वेठ मनुष्याने आपण होऊन पत्करलेली असल्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचीही त्यास लाज वाटते. मग तो काहीच न सांगता उत्तरे देणे थांबवितो.

आता क्रियापदांकडे वळू. 'सोडणे' या क्रियापदास दोन पदे पुरतात : सोडणारा आणि सोडलेली वस्तू. 'सोपविणे' यास तीन लागतात : सोपविणारा, वस्तू, आणि जिच्याकडे ती सोपवावयाची ती व्यक्ती. हे क्रियापद संस्कृत 'समर्पयति' पासून आले आहे. समर्पणात घेणारा गृहीतच असतो. 'सोडून देणे' आणि 'सोडून जाणे' यांतील भेदही सूक्ष्म आहे. पहिल्यात वस्तू हातातून सुटते, दुसऱ्यात मनुष्य वस्तूपासून दूर जातो. घेणारा दोहोंतही नाही. 'पायउतार' या शब्दाचा एक जुना अर्थ पायी उतरून जाता येण्याजोगी नदी असा आहे. आजच्या अर्थास उंच आसन लागते, आणि स्वयंसेवकाच्या बुडाखाली असे आसन क्वचितच असते. 'निवृत्ती'स प्रवृत्तीचा विरोध आणि सरकारी व्यवहारात वयाची अट व निवृत्तिवेतन चिकटलेले आहे. स्वयंसेवकापाशी वयाची अट नाही आणि वेतनच नव्हते तेथे निवृत्तिवेतन कोठून येणार?

उरतो राजीनामा. 'राजीनामा देणे' यात द्यावयाचा तो कोणाकडे, हा प्रश्न व्याकरणातच बसविलेला आहे. कारकून साहेबाकडे देतो, मंत्री मुख्यमंत्र्याकडे देतो. स्वयंसेवकाला साहेब नाही. त्याने राजीनामा लिहिला तरी पत्त्याची जागा कोरी राहते. पुष्कळजण गप्प राहून नाहीसे होतात याचे एक कारण हे असावे.

तथापि या शब्दाचा एक जुना व्यवहार असा आहे की त्यात ही अडचण उद्भवत नसे. राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. राजीनामा म्हणजे संमतिपत्र. हिंदीत त्याचा अर्थ अद्याप तडजोडीचा लेख असा होतो आणि नोकरी सोडण्यास 'इस्तीफा' म्हणतात. मराठी, गुजराती, कन्नड आणि तेलुगू या भाषांत मात्र राजीनामा म्हणजे पद सोडणे. नेपाळीत तर जमिनीच्या विक्रीखतासही हाच शब्द चालतो. या अर्थांतरामागे जमिनीच्या व्यवहाराचा हात असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. मुंबई इलाख्यातील रयतवारी गावांत खातेदारास आपली जमीन दुसऱ्याच्या नावे करून द्यावयाची असे तेव्हा तो राजीनामा लिहून देई, आणि घेणारा त्याच वेळी कबुलायत लिहून देई : ही जमीन मी घेतली, तिचा सारा मी भरीन. दोन्ही कागद मिळून एक व्यवहार होई, आणि 'राजीनामा-कबुलायत' हा जोडशब्दच दप्तरी रूढ झाला. पहिला कागद मोकळे होण्याचा, दुसरा बांधून घेण्याचा. नोकरीच्या भाषेत शब्द शिरला तेव्हा पहिला अर्धा आला आणि दुसरा मागे राहिला.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही जमीन शासनाकडे सोडून देण्याची तरतूद आहे, आणि तीत मुदत घातलेली आहे : महसुली वर्ष सुरू होण्यापूर्वी निदान तीस दिवस लेखी सूचना. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते. पेरलेले शेत भर हंगामात टाकून जाऊ नये, हा यातील व्यवहारी विचार उघड आहे. सामान्य फेरफाराचीही रीत अशीच सावध आहे : नोंद घ्यावयाची, ती चावडीवर लावावयाची, हितसंबंधितांस नोटीस द्यावयाची, हरकतीस पंधरा दिवस द्यावयाचे, आणि मग ती प्रमाणित करावयाची. कोनच्या तरुणाच्या घरातील वडीलधाऱ्यांना ही सगळी रीत तोंडपाठ असेल. रात्री ज्या कामास तो बसतो त्यास यांतील एकही पायरी नाही.

प्रत्यक्ष उदाहरणे पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. 'ओगर' ही त्रिमितीय चित्रे रेखाटणारी मुक्त आज्ञावली. काटेकोर बोलावयाचे तर ते संपूर्ण गेम इंजिन नव्हे, इंजिनाचा चित्र काढणारा भाग. स्टीव्ह स्ट्रीटिंग या ब्रिटिश गृहस्थाने ती सुरू केली. २००५ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली आणि २००९ चा 'टॉर्चलाइट' हा गाजलेला खेळ तिच्यावर उभा राहिला. २०१० मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे स्ट्रीटिंग यांनी नेतृत्व सोडले. फुकटचे काम आणि पोटाचे काम ही दोन्ही एकाच खुर्चीत बसून, एकाच पाठीने करावयाची असतात, हे वापरणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानी येते. येथे व्यवहार बराचसा रीतसर झाला : त्यांनी उघड सांगितले, कारण सांगितले, आणि सहकाऱ्यांचा गट कामात आधीच होता. पुढे त्या आज्ञावलीच्या दोन शाखा होऊन त्या निरनिराळ्या हातांत गेल्या. शेताच्या भाषेत ही वाटणी होय. वाटणीस नाके मुरडण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु दोन्ही तुकडे कसले जात असतील तर त्यात वाईट काय, हे सांगणे अवघड आहे.

दुसरे उदाहरण पायथन या भाषेचे. गोदोची स्वतःची आज्ञाभाषा तिच्याच वळणावर बेतलेली आहे, म्हणून ते येथे अप्रस्तुत नाही. गिडो व्हान रॉसम यांस तिच्या परिवारात थट्टेने 'आजन्म परोपकारी हुकूमशहा' अशी पदवी होती. जुलै २०१८ मध्ये, भाषेतील एका नव्या रचनेवरून झालेल्या कडवट वादानंतर, त्यांनी ते स्थान सोडले आणि वारस नेमण्याचे साफ नाकारले. राजीनामा दिला, कबुलायत कोणाचीच घेतली नाही. परिवाराने काही महिने चर्चा केली, निरनिराळ्या घटनांचे मसुदे मांडले, मतदान केले, आणि २०१९ च्या आरंभी पाच जणांचे निवडलेले मंडळ कामास लागले. परिवार मोठा आणि जाणता असल्यामुळे हे साधले. चार-दोन माणसांच्या कामात असे मंडळ निवडावयास मतदारच नसतात.

तिसरे उदाहरण अत्यंत अनिष्ट आहे. 'एक्सझेड' ही मजकूर दाबून लहान करण्याची आज्ञावली जगातील असंख्य संगणकांत असते. फिनलंडमधील लासे कॉलिन हे तिचे एकटे सांभाळणारे. आपली मानसिक प्रकृती दीर्घकाळ ठीक नाही आणि हे काम बिनवेतनी हौसेचे आहे, असे त्यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे लिहिले. त्याच सुमारास काम दुसऱ्याकडे द्यावे म्हणून अधीर पत्रे येऊ लागली. 'जिया टान' या नावाने एक साहाय्यक पुढे आला. तो कष्टाळू होता, नम्र होता, आणि हळूहळू अधिकारही त्याच्याकडे आले. २०२४ च्या आवृत्तींत त्याने चोरवाट घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अकारण विलंब जाणवला. तो त्याच्या मागे लागला, आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकार उघडकीस आला. येथे कबुलायत मिळाली होती. हरकतीचे पंधरा दिवस नव्हते, घेणारा कोण हे चावडीवर वाचले गेले नव्हते. दोष थकलेल्या माणसाच्या माथी मारणे हा अन्याय होईल. घाई त्याची नव्हती; फुकट वापरणाऱ्यांची होती, किंवा तसे सोंग घेणाऱ्यांची.

जमिनीचा दाखला मात्र एका ठिकाणी अपुरा पडतो. जमीन एकच असते. आज्ञावलीची प्रत कोणीही घेऊ शकतो, आणि परवाना तशी मुभाच देतो. तेव्हा स्वयंसेवक सोडतो ते नेमके काय? इंजिन सोडत नाही, कारण ते सर्वांचे आहे. तो सोडतो ती राखण, आणि राखणीसोबत आलेली किल्ली : दुरुस्ती आत घेण्याचा व नवी आवृत्ती काढण्याचा अधिकार. याला जवळचा दाखला शेताचा नसून बांधाचा आहे. कोनपासून पनवेलची खाडी फार दूर नाही. तेथून उरण, पेण, अलिबागकडे पसरलेल्या खारपट्ट्यात शेत ज्याचे त्याचे, पण खाडीचे पाणी अडविणारा बांध सर्वांचा. बांधाला खांड गेली की एका उधाणात सगळी शेते खारी होतात. जुन्या कुलाबा जिल्ह्यात यासाठी शिलोत्री नावाची वहिवाट होती : बाहेरचा बांध राखणाऱ्यास शेतकरी बिघ्यामागे ठरावीक भात देत. पुढे १९४८ चा मुंबई खारभूमी कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा आला आणि ही जबाबदारी शासनाच्या व्यवस्थेत गेली. गोदोसाठी २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये जे प्रतिष्ठान स्थापन झाले ते एका अर्थी शिलोत्रीच होय. वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून काही जणांस वेतन मिळते, आणि बाकीचे पुष्कळ लोक पूर्वीप्रमाणे हौसेने येतात. पैशाने राखणदार ठेवता येतो. देवनागरीच्या रफाराकडे पाहणारा राखणदार कोणी ठेवील की नाही, हे मराठी वापरणाऱ्यांतून भात किती जमते यावर राहील.

सोडण्याची रीत बसविण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयत्न डेबियन या १९९३ पासून चालत आलेल्या मुक्त प्रकल्पात दिसतो. तेथे सांभाळणाऱ्यास दोन निरनिराळ्या सूचना देता येतात. एकीचा आशय असा : मला हे सोडावयाचे आहे, परंतु घेणारा मिळेपर्यंत मी पाहीन. दुसरीचा : मी सोडले, आजपासून हे कोणाचे नाही. आणि घेऊ इच्छिणाऱ्यासाठी तिसरी सूचना आहे : हे मी घेत आहे. तिन्ही सर्वांना दिसतात. कारण सांगण्याची सक्ती नाही, ही त्यातील विशेष शहाणपणाची गोष्ट. दत्तक देण्याघेण्याची भाषा त्यांनी वापरली आहे. महसुली कारकुनाने ती वाचली तर राजीनामा-कबुलायत म्हणून तो ती तत्काळ ओळखील.

लिनक्सच्या गाभ्यासोबत सांभाळणाऱ्यांची जी यादी असते तीत प्रत्येक भागापुढे त्याची स्थिती लिहिलेली असते : वेतन घेऊन पाहिला जातो, कोणीतरी पाहतो, जमेल तशी डागडुजी होते, आणि शेवटी ज्याला कोणीच नाही तो. या शेवटच्या स्थितीस इंग्रजीत अनाथ म्हणतात. मराठीत तिचे भाषांतर 'पोरका' असे केले तर सोडून जाणारा बाप ठरतो, आणि पाठ दुखते म्हणून थांबलेल्या माणसावर तो आरोप होतो. 'बेवारशी' म्हटले तर कोणीतरी मेले असे वाटते. गावच्या दप्तरात यासाठी 'पडीक' हा शब्द आहे. पडीक जमिनीचे दूषण मागच्या खातेदारास लागत नाही. पुढच्या पावसाळ्यात कोणी नांगर घातला की नोंद बदलते.